चौदा मार्चला मी काय करत होते

नवा जन्मदाखला आला आहे, स्पीड पोस्टानं.
महानगरपालिकेचा शिक्का जरा पुसट,
आणि 'आईचे नाव' या रकान्यात मी.
जन्मतारीख चौदा मार्च.

आठवून पाहते, त्या दिवशी मी काय करत होते.
मार्च म्हणजे क्लोजिंग.
असेन सहा नंबरच्या काउंटरवर,
एखाद्या म्हाताऱ्याला पुन्हा सही करायला लावली असेल,
डब्यात झुणका असेल, आणि रात्री
कूलर आत्ताच माळ्यावरून उतरवायचा की थांबायचं
यावरून प्रफुल्लशी वाजलं असेल.
कुठंच काही दुखलं नाही.
आता हेच विचित्र वाटतं,
की कुठंच काही दुखलं नाही.

जिला दुखलं
तिचं नाव या कागदावर नाही.
एसटीत कुणी उठून उतरून गेल्यावर
तिच्या जागेवर बसावं
आणि सीट अजून गरम लागावी,
तशी मी या रकान्यात बसले आहे
अंग चोरून.

तू आलीस मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीला,
डोक्याला दुपट्टा गुंडाळलेली,
झिंगाबाई टाकळीच्या आमच्या दोन खोल्यांत.
लू लागू नये म्हणून सासूबाईंनी
दारातच तुझ्या फ्रॉकच्या खिशात कांदा घातला.
तू तो चार दिवस काढू दिला नाहीस.
कूलर सुरू केला की दारामागं जायचीस.
मग एका दुपारी गडवा घेऊन
स्वतःच त्याच्या टाकीत पाणी ओतायला लागलीस,
अर्धं टाकीत, अर्धं फरशीवर,
जसं काही त्या मोठ्या आवाजाला तहान लागलीये.

नणंद म्हणाली, शेवंती काय गं, जुनाट,
एखादं छानसं ठेवा ना आता.
मी म्हटलं, हाक मारली की वळते ती.
दुसरं नाव काय करायचं?

मला तू मावशी म्हणतेस.
तिथं भरवणारी मावशी, वेणी घालणारी मावशी,
रात्री लाइट बंद करणारी मावशी.
नावं घेत घेत तू मोजून दाखवल्यास,
दहा बोटं संपली,
तेव्हा अकरावी म्हणून माझं बोट धरलंस.
मी दुरुस्त केलं नाही.

एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितलेली नाही.
पहिल्या महिन्यात एका रात्री तू तापानं फणफणलीस,
आणि मी आधी फाइल शोधली, संस्थेची,
त्यात कुठं काही लिहिलंय का म्हणून.
उचललं नंतर.
मधली ती दोन-तीन मिनिटं
तू पलंगावर एकटी होतीस,
डोळे उघडे, माझ्याकडं बघत,
रडतसुद्धा नव्हतीस.

आज तान्हा पोळा.
प्रफुल्लचा लाकडी बैल माळ्यावरून निघाला,
एक शिंग तुटलेलं, एक चाक नवं.
आदल्या रात्री तू त्याला कुंकू लावलंस, पावडर लावलीस,
आणि उरलेली माझ्या नाकाला.
गल्लीतली पोरं आपापले बैल ओढत निघाली,
तू शेवटी, दोरी दोन्ही हातांत घट्ट.

ठवरे काकूंनी बोजारा देता देता विचारलं,
"कोनाची वं तू, पोरी?"

मी फाटकाशी उभी होते.
लाज वाटावी इतके कान देऊन ऐकत होते.

तू थोडा विचार केलास.
"हा बैल माझा आहे," म्हणालीस.
"याचं शिंग पहिल्यापासूनच तुटलंय.
आता दुखत नाही त्याला."

काकू हसल्या. तुला हसू आलं नाही,
खरं तेच तर सांगत होतीस.

मग बैल तिथंच सोडून धावत आलीस,
दहाचं नाणं माझ्या हातावर ठेवलंस,
मुठीत धरून धरून गरम झालेलं,
जरा चिकट,
आणि माझी बोटं एकेक करून स्वतः मिटवलीस.

"धर, मावशी.
पाडू नको."