हीट नंबर

राजारामपुरी, सातवी गल्ली, बेकरीच्या वर दुसरा मजला.
पाटी नाही. कंपनीनं लावू दिली नाही.
रात्री दहाला खाली भट्टीतून खारी निघते,
वर आम्ही अकराजण
देशभरच्या रागाला उत्तरं देतो.

माझं नाव इथं 'टीम सहाय'.
अकराही जणांचं तेच.
उत्तरं सदतीस, तयार, नंबर घातलेली.
चौथं : आम्हाला खेद आहे.
एकोणिसावं : आपला संयम आमच्यासाठी मोलाचा आहे.

आज साडेअकराला मुबारक शिकलगार आला,
म्हणजे त्याचा मजकूर आला.
तावडे हॉटेलच्या वळणावर गाडी घसरली,
पार्सल पोचवायला सहा मिनिटं उरली होती.
कपाळापासून जबड्यापर्यंत टाके.
आता रोज सकाळी मोबाईल त्याला चेहरा मागतो
आणि म्हणतो, हा तू नव्हेस.
बारा दिवस आयडी बंद.
"ताई असाल नायतर दादा,
पार्सल सांडलं न्हाई, पोचवून मग दवाखान्यात गेलो.
तोंड तेवढं बदललंय.
तुम्ही बसता कुठं? येऊन दाखवतो."

कुठं बसता, याला उत्तर अठ्ठावीस.
आमची सेवा सर्वत्र उपलब्ध आहे.

बाबा उद्यमनगरात मोल्डर होते, एकतीस वर्षं.
काळ्या वाळूत साचा दाबायचे
आणि ओतायच्या आधी कडेला हीट नंबर उमटवायचे,
आकडे उलटे,
लोखंडावर सुलटे यावेत म्हणून.
लहानपणी मला वाटायचं, शोभेसाठी.

एकदा गारगोटीकडचा एक माणूस
फुटका पंप पोत्यात घालून एसटीनं आला.
फौंड्रीच्या पायरीवर पोतं आपटलं.
शिव्या अशा, की क्रेनवाला क्रेन थांबवून ऐकत राहिला.
मालकांनी आधी चहा सांगितला.
मग तुकडा पुसला, चष्मा लावला, आकडा वाचला,
वही काढली.
"हे कुणी ओतलं?"
बाबांनी हात वर केला.
"माझा हात हुता. वाळू वली ऱ्हायली आसंल."

तीन दिवसांनी नवा पंप गेला.
बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत.
तो माणूस परत कधी आला का, मला माहीत नाही.

इथं मी विचारलं होतं,
हे चेहरा ओळखणारं कुणी ओतलं?
टीम लीडर हसला. ते शिकतं म्हणाला, आपलं आपण.
कुणाचे चेहरे बघून?
ते दुसऱ्या कंपनीचं. ती तिसरीकडून घेते.
म्हणजे कास्टिंग आहे,
भेग आहे, भेगेत एक माणूस आहे,
आकडा नाही.

कोटींनी लोक वापरतात, म्हणतात वरचे,
एकेकाला दार उघडायचं तर परवडायचं नाही.
परवडत नाही तर भट्टी एवढी पेटवू नये,
बाबा म्हणाले असते.
किंवा नसतेही. ते कमी बोलायचे, खोकायचे जास्त,
आणि त्या खोकल्याचा नंबर
कुणी वहीत लिहून ठेवला नव्हता, हेही खरं.

पावणेबारा. खारीचा वास जिन्यापर्यंत.
सदतीस उत्तरांच्या खाली
एक रिकामी चौकट असते. तिथं लिहिते :
मी सुचेता लोहार.
राजारामपुरी, सातवी गल्ली, बेकरीच्या वर.
जिन्यात दिवा नाही, जपून या.
चेहरा घेऊन या.

स्क्रीन विचारते :
हे उत्तर संचात नाही. तरी पाठवायचं?

बोटाला घाम आलाय.
उद्या कुणी वही काढलीच,
तर म्हणायचं वाक्य
मला घरचं पाठ आहे.