ओजीला इंग्रजी कळत नाही

खारघर, सेक्टर पस्तीस. तिसरा मजला, लिफ्ट बंद.
हातात विद्यापीठाची प्रश्नावली, एकवीस पानी.
पहिलाच रकाना : जमात.
इदोवूने चष्मा कपाळावर सरकवला
आणि विचारलं, कुणाची?
आत कांदा चिरतोय तो एदो,
खिडकीशी फोनवर भांडतोय तो इग्बो,
मी योरुबा,
खालच्या मजल्यावरचा हौसा शुक्रवारी भेटेल, नमाजानंतर.
एका रकान्यात आम्हाला बसवायचं
तर ही खोली आधी रिकामी करावी लागेल, बाई.

खोली दोनदा रिकामी करून झाली होती त्यांची.
एका सोसायटीच्या ठरावात कारण लिहिलं होतं : वास.
त्या ठरावाखाली माझ्या मामाची सही आहे.
हे मी टिपणात घेतलं नाही.
इथं घेतेय.

नावाचा अर्थ विचारला, तर इदोवू म्हणाला,
जुळ्यांच्या पाठीवर होतो तो इदोवू.
जुळ्यांतला पहिला बाहेर येतो, जग चाखून बघायला,
पण थोरला तो नव्हेच,
थोरला मागून येणारा,
कारण त्यानेच याला पुढे धाडलेलं असतं.
मग तू?
मला चाखून झालेलं जग मिळालं.
चव त्या दोघांना विचार.

तेवढ्यात ओबिओराने फोन ठेवला
आणि बशीतून ओजी आणली,
कोणाच्या तरी मोज्यात गुंडाळून
अदिस अबाबामार्गे आलेलं कोलाचं एकच फळ,
जांभळट, चिंचोक्याहून मोठं, ओल्या फडक्यात जपलेलं.
न्वाबुएझेकाका सर्वांत वडील, बशी त्यांच्या हातात.
मी रेकॉर्डर पुढे सरकवला :
प्रार्थना इंग्रजीत म्हणाल का, नोंदीसाठी?
काका हसले नाहीत.
ओजीला इंग्रजी कळत नाही, म्हणाले,
आणि इग्बोत बोलू लागले,
दारात कोणी उभं असावं
आणि त्याला आत बोलवावं, तसं.

फोड उकलली. चार पाकळ्या.
चार म्हणजे त्यांच्या बाजाराचे चार दिवस,
एके, ओरिये, आफो, न्क्वो,
चार दिवसांचा आठवडा.
(सोमवार कुठे बसवता, हा माझा प्रश्न नंतर खोडला.)
दुसरं फळ असतं तर मी फोडू का, विचारलं.
खोली गप्प. कांद्याची सुरीसुद्धा.
बायका ओजी फोडत नाहीत.
लिहून घेतलं,
पेनचं टोक दोन पानं पलीकडे उमटलं.

मग न राहवून मीच सांगत सुटले,
सर्वेक्षकाने सांगायचं नसतं तरी :
इथून हाकेवर ओवे गाव, तिथली मी, घरतांची.
आमच्यात लग्न बाई लावते.
धवलारीण.
ती गाईपर्यंत हळद हळद नाही, नवरा नवरा नाही.
माझी आत्या, धर्मीबाई.
काका चघळायचे थांबले.
बाई? देवांना बोलावते? आणि देव येतात?
मग काय गाते ती, म्हण.

दीड ओळ म्हटली.
पुढचं येईना.
रेकॉर्डरवर ते सगळं आहे :
अकरा मिनिटं इग्बो, माझी दीड ओळ,
मग बराच वेळ कुकर.

आत्याला फोन लावला, स्पीकरवर.
कोन हाय गो तिथं?
पाव्हणे, आत्या. नायजेरियाचे.
सुपारी दिली का त्याहींनी?
सुपारीसारखंच काहीतरी. दिली.
कडू हाय?
लय.
मंग आयक, म्हणाली,
आणि घसा खाकरून दुपारच्या दोन वाजता
भर उन्हात देवांना आवतण देऊ लागली.
ओबिओरा हळूच मांडी घालून खाली बसला.
का, ते मी विचारलं नाही.

घरी आले. मामा टीव्हीपुढे.
माठातलं पाणी प्याले.
कडू तोंडावर पाणी गोड लागतं,
इदोवूने बजावलं होतं, तरी दचकले.
पहिला रकाना अजून कोराच.
मामा म्हणाला, कसला गो वास येतोय?
मी तोंड उघडून दाखवलं.