अकरा तास

सहा महिने टीबीच्या गोळ्या खाऊन
हयातचंद जमादार मिरजेत माझ्याकडे आला तेव्हा
फाईल त्याच्यापेक्षा जाड होती.
बेडक्यात जंतू एकदाही सापडले नव्हते.
सापडत नाहीत म्हणजे लपले असतील,
अशा हिशेबानं कुणीतरी गोळ्या चालू ठेवलेल्या.

पाठीला स्टेथोस्कोप लावला.
खोल श्वास. अजून खोल.
तळाशी, दोन्ही बाजूंना,
सँडलचा चिकटपट्टा हळूच उचकटावा
तसला आवाज.

विडी?
न्हाई.
खाण, गिरणी, कारखाना?
स्टेशन चौकात घड्याळं दुरुस्त करतो.
चूल?
गॅस हाय.
घरात ओल?
न्हाई ओ, वरचा मजला. गच्ची आपलीच.

गच्ची म्हणताना
त्याचा चेहरा जरा सैल झाला.
मी लिहायचं थांबले.
स्वेटरच्या कोपराला
नखाएवढं राखाडी पीस.

किती आहेत?

बेचाळीस, म्हणाला,
आणि खोकायचं विसरून सांगत सुटला:
एक मादी हाय, पहाटे सोडली की
दर्ग्याच्या घुमटावर ठिपका होऊन जाते,
अकरा तास उतरत न्हाई,
पंचांच्या माना आखडतात.
अकरा तास.
आणि याला जिन्याच्या पंधरा पायऱ्यांत
दोनदा बसावं लागतं.

सीटीची फिल्म उजेडावर धरली.
फुफ्फुसभर दुधाळ काच.
पिसांची भुकटी, वाळलेली शीट,
तीस वर्षं रोज खुराडं झाडताना
नाकावाटे आत गेलेली.

लिहून दिलं: स्टेरॉइड, जेवणानंतर. साखर तपासत राहा.
खाली, दोनदा अधोरेखित: कबुतरं बंद.
त्यानं कागद उलटून पाहिला,
मागे काही सवलत लिहिलीय का म्हणून.

महिन्यानं आला.
ऑक्सिजन चौऱ्याऐंशीवरून एक्क्याण्णव.
दिलीत का?
दिली की. तासगावला, मेव्हण्याला. टेम्पोनं, पेट्यांत घालून.
मग?
हसला, खोकला, पुन्हा हसला.
त्यानं पेट्या उघडल्या,
आन् टेम्पो मिरजेत परतायच्या आधी
पाखरं गच्चीवर हजर.
आता नातू दाणे टाकतो, तोंडाला रुमाल बांधून.
मी खालीच. खिडकी लावून.

नातवालाही घेऊन या, म्हटलं, एकदा तपासू.
फाईलवर लिहायचं होतं: संपर्क चालूच.
पेनचं टोपण काढलं होतं.
विचारलं मात्र भलतंच:
ती मादी?

काल साडेदहाच, तो म्हणाला.
दम कमी पडतोय तिचा.