निघतानाचा कर

फॉर्मवर दोनच तारखा विचारल्यात:
या बाजारात कधी आलात
आणि कधी निघालात.
मधल्या सेहेचाळीस वर्षांना
रकानाच नाही.

रुवीतलं ऑफिस. एसी चालू, खुर्च्या विकलेल्या.
टिपॉयवर लॅपटॉप ठेवून
मी जमिनीवर मांडी घालून बसते, जेवायला बसावं तशी,
आणि हप्त्यांवरचा कर मोजते.
थट्टिल साहेब परवाच कोचीला गेले.
खुलूदला याच रस्त्यावर दुसरी नोकरी लागली,
तरी दुपारी येते खजूर घेऊन
आणि अरबी ओळीतली माझी चूक
चिकट बोटानं दाखवते.

आल्याची तारीख कुणालाच आठवेना.
शेवटी तळच्या कपाटात पहिलं विवरणपत्र मिळालं,
निळ्या शाईतलं, खाली सही: गोगटे.
पंधरा ऑक्टोबर ते वर्षअखेर, अठ्ठ्याहत्तर दिवस,
तेवढ्याचाच कर.
नवीन येणाऱ्याला दिवस मोजून सवलत होती तेव्हा.
समासात पेन्सिलीनं मराठी आकडे,
आणि एका कोपऱ्यात: हातचा एक.

सूरहून हमूद आले होते. त्यांच्या गलबताचा विमा,
वर्षाचा हप्ता जानेवारीतच भरलेला.
आम्ही निघणार जुलैअखेर.
"उरलेले पाच महिने?"
दुसरी कंपनी घेईल, मी म्हटलं, तसं पत्र येईल तुम्हाला.
ते उठले, कंदुरा झटकला,
"समुद्रालाही एक पाठवा."

कर मात्र बाराही महिन्यांचा.
ऑगस्ट अजून उजाडायचाय,
सप्टेंबरात कुणाचं शीड फाटेल, कुणाचं नाही,
पण त्या न घडलेल्या दिवसांवरचा कर
बैशापर्यंत मोजून सरकारजमा.
जाणाऱ्याला परतावा नाही.
कलमात तसं लिहिलंय, शांतपणे,
कुणावर राग नसल्यासारखं.

माझा व्हिसा कंपनीच्या नावावर.
तिच्यानंतर मला तीस दिवस.
मला कुणी फॉर्म दिला नाही.
दिला असता तर आल्याची तारीख पाठ आहे:
नऊ ऑगस्ट, विमानतळाचं दार उघडलं
आणि चष्म्यावर वाफ धरली,
पहिली चार मिनिटं मी हा देश पाहिलाच नाही.
त्या चार मिनिटांचं काय करायचं
हे कुठल्या कलमात बघू?

संध्याकाळी बेरीज लागली. जवळजवळ.
एक बैसा फरक येतो.
सोडून दे, खुलूद म्हणते, एका बैशात काय येतं.
मी पुन्हा वरून मोजत येते, पुन्हा तोच.
मग गोगट्यांचा कागद दिव्याखाली धरते.
समासातला तो हातचा
त्यांनी पुढे कुठेच मिळवलेला नाही.