पार्किंगचे चौदा डॉलर

आठवडाभर शाळेची बस हाकतो,
आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा स्टीअरिंगच.
ऑरेंजबर्गहून चार्ल्स्टन, सव्वा तास.
मागे ओझेलामावशी, मांडीवर
उकडलेल्या शेंगांची ओलसर पिशवी.
शहरात काही विकत घ्यायचं नाही,
हा तिचा एकुलता नियम.
व्हर्डेलनं नवे सँडल घातलेत.
ते चावणार, हे आम्हा दोघांना ठाऊक.
बोललं कुणीच नाही.

पार्किंगचे चौदा डॉलर.
मावशी म्हणाली, चौदा डॉलरात
माझ्या बापानं खेचर घेतलं होतं.
(गेल्या खेपेला अठरा म्हणाली होती.)

गुलाबी, पिवळी, पिस्ता रंगाची घरं,
रस्त्याकडे खांदा करून उभी,
जणू कुणाशी बोलणं टाकलेली.
घोडागाडीतला गाइड सांगत चाललेला:
पुढे मालक राहायचे, मागे नोकर.
मावशीनं एक शेंग फोडली.
"नोकर," ती म्हणाली.
टरफल खिशात ठेवलं.
टायटस मात्र घोड्याला बांधलेला लंगोट बघून
गडगडा हसत होता. नऊ वर्षांचा आहे.

बाजारात गवताच्या टोपल्या.
एवढुशी एक, दोनशे दहा डॉलर.
मावशीनं ती उलटी केली, तळ पाहिला,
आणि विणणारीला विचारलं, "कुणाची गं तू?"
मग चाळीस मिनिटं गुडघ्याला गुडघा.
घासलेल्या चमच्याचा दांडा हातात घेऊन
मावशीनं दोन वेढे विणलेसुद्धा,
तिसरा चुकला, उसवला, पुन्हा घातला.
व्हर्डेल अनवाणी, फरशीवर, सँडल शेजारी.
विकत काहीच घेतलं नाही.
अर्धी पिशवी शेंगा देऊन आलो.

परतताना एका भिंतीपाशी डेल्फीन थांबली.
विटेत खळगे. तीन, शेजारी शेजारी.
ओली वीट उचलताना रुतलेली बोटं, मी म्हणालो,
खूप जुनी, गुलामांची.
तिनं आपली बोटं घातली.
नीट बसली.
सहा वर्षांची बोटं,
ना सैल, ना घट्ट.

"कुणाची आहेत?"

मी रोज त्रेचाळीस पोरं मोजून चढवतो,
मोजून उतरवतो.
एखादं कमी भरलं तर
बसचा प्रत्येक बाक वाकून बघतो.
भिंत लांब होती. कोपऱ्यावरून वळून
पुढेही गेली होती.
"चल," व्हर्डेल म्हणाली, "पाय दुखतायत."
पण तीही हलली नाही.

गाडीच्या काचेवर दंडाची चिठ्ठी.
बत्तीस मिनिटं उशीर.
मावशीनं ती घेतली, चौपट घडी केली,
टरफलांत टाकली.

हायवेला लागेतो दोन्ही पोरं झोपली.
अंधारात मागून आवाज आला:
"बारा. बारा डॉलरांना घेतलं होतं.
ज्युबिली नाव होतं तिचं."
इतक्या वर्षांत नाव कधी सांगितलं नव्हतं.
नाव कुणी ठेवलं, विचारावं म्हणून
आरशात पाहिलं,
तर मावशी घोरत होती.