अकरापैकी सात

विल्मा ओस्टरगार्डच्या टेबलावर
केल्सो फेरी गावाचा नकाशा.
तांबड्या पेन्सिलीनं रेघलेले अकरा रस्ते,
प्रत्येकाखाली शिशाचे पाइप,
तिच्या आजोबांच्या वयाचे.

सव्वीस वर्षं ती इथली खजिनदार.
जुनी वही अजून कपाटात आहे.
ज्या साली नदी नगरभवनात शिरली
आणि कारकून होडीनं कामाला येत,
त्या महिन्यातही रोख्यांचं व्याज
ठरल्या तारखेला गेलेलं.
नोंदीवर गाळाचा डाग.
आकडा मात्र लख्ख वाचता येतो.

सकाळी शिकागोहून फोन आला.
रोखे खपवून देणारा पोरगा, बोलायला गोड.
"तुमचे हिशेब चोख आहेत, बाई.
तुमच्याबद्दल कुणाचं काही म्हणणंच नाही.
पण काल राज्याची पत एक पायरी उतरली.
पेन्शनचा खड्डा आहे, बजेट तीन वर्षं रखडलंय,
आणि तुमचा करातला वाटा तिकडूनच येतो ना?
म्हणजे, आला तर."

आला तर.
सात महिने ती रोज टपाल स्वतः फोडते आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत,
हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.
पण अंथरूण सामाईक,
पलीकडं थोरला झोपलेला,
आणि त्यानं कूस बदलली की
पहाटे पाय उघडे पडतात ते धाकट्यांचे.

तीन पूर्णांक दोनाचे चार पूर्णांक नऊ.
ऐकायला केवढंसं!
तिनं वीस वर्षांनी मांडून पाहिलं.
पुन्हा मांडलं.
चार रस्ते गळले.

पाणीखात्याचा आर्लो किंचलो दारातच उभा,
बुटांना चिखल म्हणून आत येईना.
"कुठले चार?"
शाळेचा ठेवला. दवाखान्याचा ठेवला.
धुलाईयंत्रांचा कारखाना बंद पडला, त्यामागचा खोडला.
"तिथं नऊच घरं उरलीत."
"नऊ घरांत सहा पोरं," आर्लो म्हणाला.
"ठाऊक आहे मला."
खोडरबरानं तांबडं जात नाही,
नुसतं फिकं होतं, पसरतं.

दुपारी मिस ट्विचेलचा फोन.
वय एक्याण्णव. अर्ध्या गावाला बेरजा त्यांनी शिकवल्या,
विल्मालाही.
पूर्वी रोख्याची कुपनं कात्रीनं कापून
बँकेत न्यायच्या, हॅट घालून.
"यंदा व्याज छान आहे म्हणे?
पाच हजारांचे घेईन म्हणते.
आपल्याच गावाचे पाइप, आपलाच पैसा."

विल्मानं नकाशाकडे पाहिलं.
मिस ट्विचेलचा रस्ता आठवा.

"घ्या ना," ती म्हणाली.
मग जरा थांबून,
"आणि सकाळी नळ थोडा वेळ वाहू देत जा, मिस ट्विचेल.
मग किटली भरा."