अंबड रोड

कंटेनर उघडला
तेव्हा आत समुद्राचा वास.
खलील मिस्त्रीनं दाराखालचा गंज नखानं खरवडला,
जिभेला लावला.
"मीठ. बर्फावर टाकतात तिकडं."
आमच्या जालन्यात
गंजायलाही पाणी पुरत नाही.

दोन उन्हाळे ती ठोकळ्यांवर.
जपानी पुस्तकातल्या चित्रांवर बोट ठेवत
गिअरचा बुश लेथवर कातला,
तिसऱ्यांदा बसला.
सीटखाली भोकाचं नाणं सापडलं
आणि केसांची एक पिन.
मिस्त्री म्हणाला, ठेव तिथंच,
तिचंय ते.

काल रस्त्यावर काढली.
पहिल्याच स्पीडब्रेकरला पोट घासलं.
पुढं सरकीच्या पोत्यांचा ट्रॅक्टर,
काटा वीसच्या वर जाईना.
मी हॉर्नवर हात नेला.
मिस्त्रीनं तो धरला,
काच खाली केली
आणि नुसता
इंजिन ऐकत बसला.